६०० डिग्रीवर रंग निघत नाही, करपतो : जुना सागवानी दरवाजा आणि हीट गन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाईकडच्या गावातलं आजोबांचं घर, पुढचा सागवानी दरवाजा चौकटीसकट, वर गणेशपट्टी, आणि त्यावर कधी गणपतीला तर कधी घरातल्या लग्नाला मारलेले ऑईलपेंटचे पाच-सहा थर. तुम्ही ऑनलाइन २००० वॅटची हीट गन (कडक गरम हवेचा झोत सोडणारी मशीन) मागवलीत, सगळ्यात वरच्या म्हणजे ६०० डिग्रीच्या सेटिंगला लावलीत, रंग फुगायच्या ऐवजी काळा पडून लाकडाला चिकटला, एका जागी लाकूडच करपलं, मधे दोनदा घरातली लाइट गेली, आणि आता विचारताय की टेंपरेचर नक्की किती ठेवू आणि मशीन घेतलीच आहे तर घरात अजून कशाकशाला वापरता येईल. आणि मग जाता जाता लिहिलंय की सुट्टीत तीन वर्षांची मुलगी पण तिथेच असते, अंगणात खेळते.

टेंपरेचरचं उत्तर एका ओळीचं आहे : ३००पासून सुरुवात करा, फार तर ४००, त्याच्या वर जायचं नाही. पण एवढं सांगून मी गप्प बसलो तर तुम्ही उद्या सकाळी परत गन हातात घ्याल, आणि मला ते नकोय, कारण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण आकड्यात नाहीये. तो रंग कसला आहे, चौकटीच्या मागे काय आहे आणि गनला लाइट कुठून घेतलीय हे तीन प्रश्न आधी, मग आकडा.

मी सव्वीस वर्षं जुन्या लाकडाचं काम करतोय, दारं, पलंग, झोपाळे, देव्हारे, पॉलिश काढणं, चढवणं. शिकलो तेव्हा हीट गन नव्हती, आमचे उस्ताद रॉकेलचा ब्लोलॅम्प वापरायचे आणि त्याला सरळ ‘रंग जाळणं’च म्हणायचे. तो शब्द डोक्यात बसलाय लोकांच्या, म्हणून गन हातात आली की बोट आपोआप सगळ्यात वरच्या बटणावर जातं. तुमचंही तेच झालं. यात जाळायचं काही नसतं हो. जुना ऑईलपेंट गरम झाला की लाकडावरची पकड सोडतो, फुगतो, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत पत्री (रंग खरवडायचं चपटं पातं) घातली की सालीसारखा निघतो. जास्त तापवला की तो जळतो, डांबरासारखा होतो आणि लाकडाच्या रेषांमध्ये उतरतो, मग तो काढायला तिप्पट मेहनत. म्हणजे ६००ला तुम्ही काम लवकर करत नव्हता, वाढवत होता.

आता पहिला प्रश्न, रंग. घर किती जुनं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण आजोबांचं म्हणजे खालचे थर साठ-सत्तर सालातले तरी असणारच असं धरून चालतो. त्या काळच्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं (शिसं हा धातू, शिसव हे लाकूड नव्हे, आमच्या धंद्यात दोन्ही रोज तोंडात येतात). पेंटर बेलतेलात (उकळलेलं जवसाचं तेल) सफेदा म्हणजे पांढरी पूड कालवून रंग घरीच तयार करायचे, त्या सफेद्यात कधी जस्त असायचं कधी शिसं, आणि पिवळा, केशरी, हिरवा यांच्या झळाळीसाठी शिशाचे क्रोमेट. लोखंडी गजांना मारायचा तो भडक शेंदरी प्रायमर तर शिशाचाच. विटकरी रंगाचा रेड ऑक्साईड वेगळा, तो लोखंडाचा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ सालचा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. अमेरिकेत घरात शिशाचा रंग वापरायला १९७८ मध्येच बंदी आली होती. म्हणजे आपल्याकडे दाराचा शेवटचा हात २०१५ साली मारला असेल तरी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचं कारण नाही.

शिसं दोन वाटांनी अंगात जातं. एक वाफ, फार तापवलं तर. अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या रंगकामाच्या नियमात ११०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ५९३ सेल्सिअसच्या वर हीट गन चालवायला मनाई आहे, ती याचसाठी. तुमचं सेटिंग नेमकं त्या रेषेवर होतं. दुसरी वाट धुळीची, आणि ती जास्त फसवी, कारण तिला टेंपरेचर लागत नाही. खरवडलेली पापडी पायाखाली चुरडते, तिची पूड होते, ती अंगणात, पायपुसण्यावर, तुमच्या पॅंटवर, आणि तीन वर्षांचं मूल दिवसभर हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि झालेला परिणाम मागे घेता येत नाही, पोटुशी बाई घरात असेल तर तिलाही तेवढाच धोका. गोठा जवळ असेल तर तेही बघा, गुरं रंगाच्या पापड्या चाटतात आणि वासरं त्याने दगावतात.

मग काम करायचं की नाही? हे परिस्थितीवर आहे. बाजारात शिसं तपासायच्या काड्या मिळतात, रंगाला खालपर्यंत तिरकी खाच पाडायची म्हणजे सगळे थर उघडे होतात, आणि तिथे काडी घासायची, रंग बदलला तर शिसं आहे. नाही बदलला तर मात्र मी लगेच सुटकेचा श्वास सोडत नाही, कारण वरवर घासलं की या काड्या चुकतात. मी स्वतः आता तपासतच नाही, जुनं दार म्हणजे शिसं आहे असं धरूनच काम करतो, डोक्याला ताप नाही. तुम्हालाही तेच सांगेन. मुलगी आणि बाकीची पोरं त्या दिवसांत त्या घरात नकोत, मामाकडे पाठवा, आत्याकडे पाठवा, ‘दुसऱ्या खोलीत आहे’ हे चालत नाही. हे जमणार नसेल तर दार सोडा, वरून एक चांगला रंगाचा हात मारा आणि पुढच्या वर्षी बघा. धड चिकटून बसलेला, न सुटणारा रंग कुणाला त्रास देत नाही, त्रास तो छेडल्यावर सुरू होतो.

करायचं ठरलं तर पल्ले बिजागऱ्यांतून काढून बाहेर न्या, पडवीत किंवा शेडमध्ये, दोन लाकडी घोड्यांवर (सुताराच्या स्टँडवर) आडवे टाका. उभ्या दारावर काम करण्यापेक्षा हे दहा पट सोपं आहे, हात भरून येत नाही आणि पापड्या एका जागी पडतात. खाली जाड प्लास्टिक, कडा विटांनी दाबलेल्या, तुळशीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब. वारा फार असेल त्या दिवशी नको, गरम हवा उडून जाते आणि तुम्ही वैतागून सेटिंग वाढवता. पावसाळ्यात तर नकोच, दिवाळी झाल्यावर कोरड्या हवेत करा.

तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. साधा एन-९५ धुळीला ठीक आहे, तापलेल्या रंगाच्या वासाला तो काहीच करत नाही. रबरी अर्धा मास्क घ्या, त्याला धूळ आणि सॉल्व्हंटची वाफ दोन्ही अडवणारं फिल्टर लावा, पी-१०० लिहिलेलं मिळालं तर उत्तम. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, माझे एक साथीदार दरवेळी या कामाच्या आधी दाढी करतात आणि आम्ही त्यांना नवरदेव म्हणतो. चष्मा, कातडी हातमोजे (रबरी नाही, ते वितळून हाताला चिकटतात), अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. नायलॉनचं काही घालू नका. मधे चहा-तंबाखू-बिडी काही नाही, आधी हात-तोंड साबणाने धुवायचं. संध्याकाळी कपडे तिथेच काढायचे आणि वेगळे धुवायचे, घरच्या कपड्यात टाकायचे नाहीत.

आता लाइट का गेली ते. २००० वॅट भागिले २३० म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. घरात दिव्या-पंख्याचा जो साधा सॉकेट असतो तो ६ अँपिअरचा. तुम्ही बहुतेक पॉवरप्लगला कन्व्हर्टर लावून त्यात घुसवलंत. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडला हे नशीब समजा, जुन्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेली वायर असते, कुणीतरी फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळून ठेवलेली असते, तिथे एमसीबी पडत नाही, वायर तापते, आणि ती तापते माळ्यावर, जिथे कुणी बघत नाही. गनला १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट पाहिजे, एक्स्टेंशन लागलं तर अडीच स्क्वेअर एमएम वायरचं, आणि ते रीळवर गुंडाळलेलं ठेवू नका, पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून चिकटते. घराला आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, हीट गनसाठी नाही, तुमच्यासाठी.

हे सगळं झालं की खरं काम काहीच नाही, अर्ध्या तासात हात बसतो.

गन ३००ला ठेवा. तुमच्या गनला आकडे नसून नुसते एक-दोन असतील तर एकवर. आधी मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे वीतभर जागेवर करून बघा. तोंड रंगापासून दोन-तीन इंच लांब, सरळ नव्हे थोडं तिरकं, आणि हात सतत हलता, इस्त्री करतो तसा. एका जागी थांबला की संपलं. थोड्या वेळाने रंगाला सुरकुती येते, मग पापडासारखा फुगतो. फुगला की गन पुढच्या चार बोटांवर न्यायची आणि दुसऱ्या हाताने पत्री फुगलेल्या जागेखाली घालायची, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवी कधीच नाही. म्हणजे गन पुढे आणि पत्री तिच्या मागे मागे, बैलामागे नांगर. धूर यायला लागला तर ती जास्त तापल्याची खूण. फुगवटा यायला हवा, धूर नाही. दहा-पंधरा सेकंदांत काहीच हललं नाही तर ५० डिग्री वाढवा किंवा इंचभर जवळ घ्या, दोन्ही एकदम नको. आकड्यावर फार जाऊ नका, गनच्या तोंडाशी जे टेंपरेचर असतं ते तीन इंचांवर बरंच उतरतं आणि स्वस्तातल्या गनचा आकडा तसाही अंदाजपंचेच असतो. सागवान दोनशेच्या पुढे तपकिरी पडायला लागतं, म्हणून रंगाकडे नाही तर लाकडाच्या रंगाकडे लक्ष.

पत्रीची धार फार पाजळू नका, कोपरे कानसने गोल करून घ्या नाहीतर लाकडात ओरखडे पडतात आणि पॉलिश चढल्यावर ते ओरखडे आयुष्यभर तुमच्याकडे बघत बसतात. सगळे थर एकदम काढायच्या मागे लागू नका. पाच थरांत एखादा लांबीचा म्हणजे पुट्टीचा असतो, तो गरम होऊन लोण्यासारखा होतो, तो आधी निघतो मग खालचे. शेवटचा पातळ थर रेषांमध्ये बसलेला राहतो तो गनने निघत नाही, तो नंतर दुसऱ्या पद्धतीने.

गणेशपट्टीला मात्र गन लावू नका. आमच्याकडे जेवढ्या बिघडलेल्या पट्ट्या येतात त्यात बहुतेक ठिकाणी पातळ भाग करपलेला असतो, सोंडेचं टोक, पाकळ्यांच्या कडा, कारण सपाट भाग तापेपर्यंत बारीक नक्षी जळून गेलेली असते. तिथे जेलसारखा पेंट रिमूव्हर, ताठ केसांचा ब्रश, बांबूच्या काड्या आणि सबुरी. चार दिवस लागले तर लागू देत. काहीजण कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्ला देतील, सागवान त्याने काळं पडतं आणि सांधे सुटतात, मी करत नाही.

इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखी वाचा. रिमूव्हर आणि हीट गन एकाच जागी कधीच नाही. रिमूव्हर लावून बघितला, नाही निघाला, मग वरून गन मारली असं बरेच जण करतात. काही रिमूव्हर पेट घेतात, आणि काहींत मिथिलीन क्लोराईड असतं ते फार तापलं तर त्यातून फॉस्जीन होऊ शकतं, जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू आहे. मिथिलीन क्लोराईड न तापवताही बंद खोलीत वाईटच, शरीरात जाऊन त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो. म्हणजे रिमूव्हरही उघड्यावरच, आणि जिथे रिमूव्हर लागला तिथे गन नाही. आधी सपाट भाग गनने पूर्ण करा, गन आवरून ठेवा, मग दुसऱ्या दिवशी रिमूव्हर उघडा.

दारात काचेची तावदानं असतील तर तीही तडकतात, काचेकडच्या बाजूला प्लायचा तुकडा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून आड धरा, किंवा गनबरोबर एक वाकडं तोंड येतं काच वाचवणारं ते लावा. कडी-कोयंडे, पितळी फुल्या आधी काढून ठेवा, त्या तापल्या की अर्धा तास तशाच राहतात आणि माणूस विसरतो.

आता चौकट. पल्ले बाहेर नेता येतात, चौकट भिंतीत आहे. आणि या कामात माझी जी काय झोप उडाली ती चौकटीमुळेच. २०११ साली कोकणात एका घरी चौकट करत होतो, चिऱ्याची भिंत, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट, वरून पट्टी मारलेली. दुपारी एकला काम थांबवलं, हात धुतले, जेवायला बसलो. घरच्या आजींना वास आला. मी म्हटलं रंगाचा वास आहे, राहील दोन दिवस. त्या म्हणाल्या नाही, हा काडीकचऱ्याचा वास आहे. उठून बघितलं तर पट्टीच्या वरच्या कोपऱ्यातून दोऱ्याएवढा धूर. पट्टी उचकटली, आत चिमणीचं जुनं घरटं, उंदरांनी ओढून नेलेला कापूस, आणि ते आतल्या आत धुमसत होतं, ज्वाळा नाही, नुसतं लाल. गन बंद करून तासाच्या वर झाला होता. दोन तांबे पाण्यात विझलं, पण वर पाटाई (लाकडी फळ्यांचं छत) होती आणि तिच्यावर माळ्यात पेंढा भरलेला. आजी नसत्या तर काय, हा विचार मी अजून करत नाही.

तेव्हापासून नियम असा आहे की चौकटीवर गन लावायच्या आधी कडेच्या पट्ट्या काढून फट झाडून, ब्लोअरने साफ करून घ्यायची, नाही निघाल्या तर त्या फटीच्या आसपास गन नाही, हाताने खरवडायचं, रंग पाण्याने ओला करून. आणि चार वाजता गन बंद म्हणजे बंद, साडेपाचपर्यंत तिथेच बसायचं. गप्पा मारा, पापड्या गोळा करा, पण जागा सोडायची नाही, आणि उठताना लाकडावर आणि भिंतीवर उलटा हात फिरवून बघायचं कुठे अजून गरम लागतंय का. शेजारी पाण्याची बादली आणि एक फवारा. हे भित्रेपणाचं वाटत असेल तर एक सांगतो, इंग्लंडमध्ये अपार्क म्हणून सतराव्या शतकातला मोठा वाडा आहे, ३० ऑगस्ट १९८९ ला तो असाच पेटला, छपरावर शिशाच्या पत्र्याच्या दुरुस्तीचं तापवायचं काम चालू होतं आणि ते काम संपायला दोन दिवस उरले होते.

गन बंद करायची रीत पण असते. तापलेली गन खटकन बंद केली की आतली कॉइल स्वतःच्याच उष्णतेने खराब होते, म्हणून आधी सगळ्यात कमी किंवा थंड हवेवर दोन-तीन मिनिटं चालू द्या, मग बंद. नंतर तोंड वर करून उभी ठेवा, बऱ्याच गनना तशी सपाट पाठ असते. तोंड पंधरा-वीस मिनिटं तरी गरम राहतं, प्लास्टिकवर आडवी टाकली तर प्लास्टिक गेलंच. आणि गनने केस वाळवणं, ओले कपडे वाळवणं वगैरे कुणी गंमत म्हणून पण करू नका, ती हेअर ड्रायरसारखी दिसते तेवढंच.

पापड्या ओल्या करून, प्लास्टिकसकट गुंडाळून दोन पिशव्यांत बांधा. जाळायच्या नाहीत, चुलीत तर मुळीच नाही. परसात पुरायच्या नाहीत. जवळच्या नगरपालिकेत घातक घरगुती कचरा वेगळा घेतात का ते विचारा. जागा झाडूने झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

घरात अजून कशाला वापरता येईल म्हणालात. बऱ्याच गोष्टींना, आणि तिथे टेंपरेचर याहून खूप कमी लागतं. नवीन स्टीलच्या डब्यावरचं ते चिवट स्टिकर, जे नखाने काढताना अर्धं फाटतं, त्याला लांबून दहा सेकंद गरम हवा द्या, अख्खं सुटून येतं, राहिलेल्या गोंदाला खोबरेल. गंजून बसलेला नट, नटच तापवायचा बोल्ट नाही, नट फुगतो आणि सैल होतो (आधी त्यावर गंज काढायचा स्प्रे मारला असेल तर गन नको, पेटतो). वायरीवर हीट श्रिंक नळी बसवणं, यासाठी काच वाचवणाऱ्या तोंडाहून वेगळं, चमच्यासारखं वाकडं तोंड असतं. फर्निचरच्या कडेची सुटलेली एजबँड पट्टी, तिच्या आतला गोंद परत मऊ होतो, कापडाने दाबून धरली की बसते. जुन्या खुर्चीचा फेव्हिकॉलने जोडलेला सांधा उघडायचा असेल तर हळूहळू ऊब देऊन हलवा, निघतो.

लाकडी पलंगातले ढेकूण, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतोच. पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत, त्यामुळे सांध्यांत, खाचांत कमी सेटिंगवर सावकाश गरम हवा फिरवली तर उपयोग होतो. मात्र त्या पलंगावर आधी रॉकेल किंवा कुठलंही औषध मारलं असेल तर नाही. आणि आपल्याकडे मारलेलं असतंच.

कुठे वापरायची नाही तेही सांगतो. फ्रीजमधला बर्फ वितळवायला नाही, आतलं प्लास्टिक वाकतं आणि नव्या फ्रीजांमधला वायू ज्वलनशील असतो. गॅसची नळी शेगडीला चढत नाही म्हणून तापवायला नाही, सिलेंडरच्या जवळपास ती मशीन नेऊच नका, नळीचं टोक कोमट पाण्यात धरा. पीव्हीसी पाइप वाकवायला लोक वापरतात, चालतं, पण पिवळा पडायला लागला की त्यातून आम्लाचा वायू निघतो. भिंतीचा चुना, डिस्टेंपर यावर ती काही करत नाही, प्लॅस्टिक पेंट नुसता रबरासारखा ओढला जातो. प्लायवूड आणि व्हिनियरवर अगदी बेताने, खालचा गोंदच सुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर काहीच करू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो खरवडायचाच नाही.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, अंगठ्या-कडं लगेच काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ, काही नाही. फोड मोठा असेल किंवा बोटांच्या सांध्यावर असेल तर डॉक्टर.

राहिली तुमची करपलेली जागा. किती खोल आहे त्यावर आहे. नखाने खरवडून काळी पूड निघाली आणि खाली तपकिरी लाकूड दिसलं तर वाचलात. कोरडा पॉलिशपेपर लावू नका, त्यात शिशाची धूळ उडते, पाणीपेपर ओला करून, रेषेच्या दिशेने. सपाट जागा असेल तर फुटलेल्या काचेच्या सरळ कडेने खरवडा, जुने सुतार असंच करायचे, कातडी मोजे घालून. रेषांत अडकलेला जो शेवटचा रंग म्हटलं होतं ना, तोही असाच ओल्याने निघतो. सगळं ओलं पुसून घ्या, दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग बेलतेलाचा पातळ हात नाहीतर चपडा लाखेचं पॉलिश. बेलतेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं, दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. काळं दोन-तीन मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर ते कुठल्याही आम्लाने उजळत नाही, कोळसा आहे तो. तेवढा भाग पटाशीने कोरून जुन्या सागवानाचा तुकडा बसवावा लागेल, रेषा जुळवून, आणि तुकडा जुन्या बाजारातूनच घ्या, नवीन सागवानाचा रंग जुळत नाही. त्या जागेचा फोटो टाका, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे मला माप कळेल.